उद्याच्या तारखेचं दूध

संगणक खोटं बोलत नाही, असं कोणी मला ऐकवलं की माझं डोकं फिरतं. खोटं बोलत नाही, कबूल. पण जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो, आणि आपण नेमकं काय विचारलं हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. माझं पोट याच गोंधळावर चालतं. त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही, तरी मी करते.

नारायणगावात स्टँडच्या मागे एका दुकानाच्या माडीवर माझी खोली आहे. लग्नानंतर वारूळवाडीला आले, पुण्याची नोकरी सुटली, तेव्हा ती भाड्याने घेतली. आसपासच्या पतसंस्था, दूध संस्था, एक-दोन शाळा यांची सॉफ्टवेअर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर कोणीतरी घाईघाईत लिहून दिलेलं असतं, तो माणूस चांगली नोकरी धरून निघून गेलेला असतो, आणि मागे राहिलेलं ते घोंगडं मी शिव्या घालत चालू ठेवते. घरी सासूबाई म्हणतात, तुझ्या तोंडाला त्या मशीनने वळण लावलं. मशीनने नाही लावलं, ते आधीपासूनच होतं.

बेल्ह्याच्या पुढे, पठाराच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेचं काम माझ्याकडे होतं. एका उन्हाळ्यात तिथल्या चेअरमनचा फोन आला.

"मॅडम, तुमचं यंत्र दोन तोंडानं बोलाय लागलंय. या जरा, लगेच या."

यंत्र माझं नव्हतं, पण बिघडलं की ते माझं होतं, हे आता अंगवळणी पडलंय. स्कूटी काढली आणि आळेफाट्याच्या ट्रकांच्या मधून वाट काढत गेले.

संस्थेची निवडणूक लागली होती. नियम असा होता, की वर्षात ठरावीक दिवस ज्याने संस्थेला दूध घातलं, त्यालाच मत आणि त्यालाच उभं राहायचा हक्क. लिटर मोजायचे नाहीत, दिवस मोजायचे. मोठ्या गोठेवाल्याने मनात येईल तेव्हा चार कॅन ओतावेत आणि संस्था आपली म्हणावी, असं होऊ नये म्हणून कोणीतरी चांगल्या मनाने केलेला नियम होता तो. आणि झालं होतं असं, की सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण वर्षाचा रिपोर्ट काढला की एका सभासदाचे जितके दिवस येत, तितके एकेक महिन्याचा रिपोर्ट काढून बेरीज केली की येत नव्हते, कमी येत होते. नोंदींचं तेच टेबल, तोच सभासद, तेच वर्ष. कच्ची यादी महिन्यांच्या बेरजेवरून केली होती, आणि त्या यादीतून खुद्द चेअरमनची भावजय बाहेर पडली होती. ती बायकांच्या राखीव जागेवर उभी राहणार होती. वर्षाच्या रिपोर्टात मात्र ती व्यवस्थित बसत होती. म्हणून यंत्र दोन तोंडांनी बोलत होतं. भावजय दोन्हीकडे बसली असती, तर कोणी मला बोलावलंही नसतं.

ऑफिसात बाकावर आणखी एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली, डोईवरचा पदर कानामागे खोचलेला, पायात पुरुषी चपला. पठारावरच्या एका वाडीतून ती खाली आली होती. पूर्वी तिच्या घरी मेंढरं होती, नवऱ्याचे गुडघे गेले तशी ती विकून दोन गायी घेतल्या. तिचंही नाव यादीत नव्हतं. तीही त्याच जागेवर उभी राहणार होती, म्हणजे भावजयीच्या समोर. तिचे दिवस वर्षाच्या रिपोर्टातही भरत नव्हते आणि महिन्यांच्या बेरजेतही भरत नव्हते. तिच्या बाबतीत यंत्राचं तोंड एकच होतं, त्यामुळे तिच्या हरकतीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मी रोज दूध घालते," ती मला म्हणाली. "आजारी व्हते तवा सून आली, पर खाडा न्हाई केला. त्या यंत्राला इचार की ताई."

मी म्हटलं, विचारते मावशी. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही.

ती का उभी राहत होती, हे मला सचिवाने हसत हसत सांगितलं. संस्थेचा टेंपो पूर्वी जरा उशिरा सुटायचा. पुढच्या शीतकरण केंद्राने वेळ अलीकडे ओढली, तसा टेंपोही लवकर निघायला लागला. पठारावरच्या बायका दूध घेऊन उतरण उतरेपर्यंत तो उन्हाळ्यात बरेचदा निघून जायचा. म्हणून वार्षिक सभेत ही बाई उठून म्हणाली, की वर वाडीत एक काटा बसवा, आमचं दूध तिथंच मोजा, टेंपो वर येऊ द्या. सभेत हशा पिकला. कोणीतरी मागून ओरडलं, आधी निवडून या आणि मग न्या काटा वर. लोक हसले आणि विसरले. तिने ते खरं धरलं. वाडीतल्या बायका गोळा केल्या आणि अर्ज भरायचं ठरवलं. सचिवाला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं.

माझ्या मते त्यात गमतीचं काही नव्हतं. पण मी भावजयीच्या कामासाठी आले होते, म्हणून आधी ते हातात घेतलं.

ते सोपं निघालं. तारखेच्या चुका बहुतेक अशाच असतात, सोप्या आणि लाजिरवाण्या. टेबलात दूध घातल्याची नुसती तारीख नव्हती, सोबत वेळही होती. आणि लिहिणाऱ्याने क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला घातलेल्या प्रश्नात, विचारलं होतं, एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंतचं दे. माणसाला असं सांगितलं तर तो एकतीस तारखेचा सबंध दिवस धरतो. डेटाबेस नुसती तारीख वाचतो, वेळ दिलेली नसली की तिला मध्यरात्रीचा ठोका समजतो, आणि एकतीस तारीख लागताक्षणी थांबतो. त्या दिवशी सकाळी घातलेलं दूध बाहेर राहतं. वर्षाच्या रिपोर्टात असा शेवटचा एकच दिवस गळत होता. महिन्यांच्या बेरजेत प्रत्येक महिन्याचा शेवटचा दिवस गळत होता. मी विचारण्याची पद्धत बदलली, पुढच्या महिन्याची एक तारीख लागायच्या आतलं सगळं दे, असं सांगितलं. दोन्ही आकडे जुळले. भावजय यादीत आली.

चेअरमनने भेळ मागवली. "बघा," ते सचिवाला म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं काम आसं आसतं." मी भेळ खाल्ली. मावशीचे दिवस तपासले. थोडे वाढले होते, पण भरत नव्हते. तिने बाकावरून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"ऱ्हाऊ दे ताई," ती म्हणाली.

राहू दे म्हटलं की माझं काही राहत नाही, हा माझा दुर्गुण घरच्यांच्याही परिचयाचा आहे. डेटाची प्रत लॅपटॉपवर घेतली आणि माझ्या खोलीवर जाऊन बसले.

आधी मला वाटलं, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली असेल. चार मेची नोंद पाच एप्रिलला जाऊन बसते, असं मी अनेकदा पाहिलंय. तसं नव्हतं. मग वाटलं, सर्व्हरचं घड्याळ परदेशी वेळेवर असेल आणि पहाटेचं दूध आदल्या दिवशी जमा होत असेल. तेही नव्हतं. शेवटी मी शहाणपणा बाजूला ठेवला आणि तिच्या एकटीच्या नोंदी ओळीने वाचत गेले. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत एकही खाडा नव्हता. तिने सांगितलं होतं तसंच. उन्हाळा लागला की मात्र एक दिवस रिकामा, एक दिवस भरलेला, परत एक रिकामा. आणि जो भरलेला, त्या दिवशी दूध दुप्पट. दोन गायी एका सकाळी एवढं दूध देत नाहीत, हे कळायला डेटाबेस शिकावा लागत नाही. वाडीतल्या बाकीच्या बायकांच्या नोंदी काढल्या. सगळ्यांचं तसंच. म्हणजे ज्या बायका तिला मत देणार होत्या, त्याही यादीबाहेर होत्या, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

महिन्याचे लिटर मात्र तंतोतंत बरोबर होते. बिलं बरोबर निघत होती. म्हणूनच आजवर कोणी हूं की चूं केलं नव्हतं. दूध सगळं होतं, फक्त दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या गावच्या संकलन केंद्रावर जाऊन बसले. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, काटा, फॅट बघायचं मशीन, एक जुना संगणक आणि कोपऱ्यात दूध गार ठेवायची छोटी टाकी. काट्यावर जे काका होते, ते वर्षानुवर्षं तिथेच होते. सगळ्यांशी बोलत बोलत माप घ्यायचे. केंद्र फक्त सकाळी चालायचं. दूध घेऊन झालं की काका संगणकावर सकाळची पाळी बंद करायचे, टेंपोचं चलन छापायचे आणि टेंपो निघायचा. पाळी बंद झाली की सॉफ्टवेअर त्या तारखेला थेंबभर दूध घेत नाही. चोरी होऊ नये म्हणून तसं केलेलं आहे.

टेंपो गेला. काकांनी काटा पुसला, पण खोली बंद केली नाही. मीही बसून राहिले. ऊन चांगलं वर आल्यावर पठाराच्या उतरणीवरून बायका दिसायला लागल्या. पुढे मावशी होती.

वर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, एक दिवसाआड, आणि येतो तो सकाळीच. ज्या बाईने दूध घेऊन उतरायचं ठरवलं, तिचं पाणी गेलं. म्हणून टँकरच्या दिवशी वाडी आधी पाणी भरायची आणि मग उतरायची. हे मला त्या बायकांनी तिथेच सांगितलं, आणि सांगताना त्या काकांकडे बघून हसत होत्या. काका होते म्हणून चाललं होतं.

काकांनी माझ्यासमोर, काही लपवाछपवी न करता, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवलं आणि संगणकाची तारीख एक दिवस पुढे नेली. यंत्राच्या दृष्टीने उद्याची सकाळ झाली, नवी पाळी उघडली. त्यांनी एकेकीचं दूध मोजलं, नोंदलं, टाकीत ओतलं, आणि शेवटच्या बाईचं झाल्यावर तारीख परत मागे आणून ठेवली.

"काका, हे काय केलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"काय केलं? हे दूध आता टाकीत बसनार, आन् उद्याच्या गाडीनं जानार. मंग तारीख उद्याचीच की वो ताई. कवापासनं करतोय. एक लिटर हिकडचं तिकडं न्हाई. बिलं बघा."

बिलं मी पाहिली होती. त्यांचं म्हणणं खोडून काढता येईना. ज्या गाडीने दूध जातं ती तारीख, यात चूक काय? चूक एवढीच होती, की दुसऱ्या दिवशी टँकर नसायचा, बायका वेळेवर यायच्या, आणि त्या सकाळी त्यांच्या नावावर एक नोंद आधीच बसलेली असायची. एक सभासद, एक सकाळ, एक नोंद, असं सॉफ्टवेअरचं गणित. कोणी दुसरा कॅन आणला तर तो त्याच नोंदीत मिळवायचा. त्याने मिळवला. कालचं दूध आणि आजचं दूध एका ओळीत गेलं. लिटर वाढले, दिवस एक राहिला. असं प्रत्येक उन्हाळ्यात, टँकरच्या प्रत्येक दिवशी होत होतं.

मी हे समजावून सांगितलं. काट्याशेजारच्या पोत्यावर बसून, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मावशीला आधी कळलं नाही, मग एकदम कळलं.

"म्हंजी या भाऊनं आमचं दूध घेतलं, म्हनून आमचं दिस गेलं?"

"हो."

"आन् न्हाई घेतलं आसतं तर?"

"तरी गेलेच असते."

ती हसली. कडवटपणे नाही, खरंच हसू आल्यासारखी हसली. "मंग बरं झालं घेतलं," असं म्हणून तिने रिकामा कॅन विसळायला घेतला. काका मात्र हसले नाहीत. ते तारखेच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसले होते.

त्यानंतरचे काही दिवस मी जो आटापिटा केला, तो आठवला की मला स्वतःचा राग येतो. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला आधीच समजायला हवं होतं. नोंद चुकीच्या ठिकाणी असेल तर ती शोधून योग्य जागी आणता येते. नोंद पुसली असेल तर तिची कुठे ना कुठे सावली सापडते. पण जी नोंद कधी झालीच नाही, ती कोणत्या क्वेरीने आणायची? सर्व्हरकडे प्रत्येक ओळीची वेळ होती, पण ती शेवटच्या बदलाची. दुसऱ्या दिवशीचं दूध मिळवलं की पहिल्या दिवसाची वेळ गेली. जुना बॅकअप मागितला, तर सचिवाने एक पेनड्राइव्ह काढून दिला. दर आठवड्याला जुनं पुसून नवं त्याच्यावरच. दूध घातल्यावर सभासदाला मेसेज जायची सोय होती, पण संस्थेने मेसेजचं पॅक संपल्यावर परत भरलंच नव्हतं. मी सगळीकडे हात घातला आणि सगळीकडून हात रिकामा आला.

दुप्पट लिटरची ओळ हाच एक पुरावा होता. मी तो कागदावर मांडला. उन्हाळ्यात एक दिवसाआड रिकामी सकाळ, लगेच दुसऱ्या दिवशी दुप्पट दूध, आणि टँकर बंद झाला की सगळं परत सरळ. कोणत्याही समजूतदार माणसाला पटावं असं होतं ते. मला तेव्हा खरोखर आशा वाटली होती. घरी मी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

हरकतींची सुनावणी संस्थेच्या ऑफिसात झाली. निवडणूक अधिकारी तालुक्याहून आले होते. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, एकेका संस्थेत हेच ऐकून कंटाळलेला होता, पण त्याने माझं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. कागद दोनदा वाचला. मग काकांना विचारलं, हे खरं का? मला धाकधूक होती, की काका आता कानावर हात ठेवतील, आणि ठेवले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. चेअरमन समोर बसले होते.

काका उभे राहिले. "व्हय. मीच तारीख फिरवीत व्हतो," ते म्हणाले. "हितं त्या बाया रोज येतात. मी माज्या हातानं दूध घेतलंय. काय लिवून पायजे ते लिवून देतो."

मावशीने खाली बघितलं. तिला ते नको होतं, हे मला दिसलं. काकांना काढून टाकलं तर नवा माणूस टेंपोबरोबरच कुलूप लावेल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगताय ते मला पटतंय," तो मला म्हणाला. "पण दुप्पट दूध म्हणजे दोन दिवस, हे मी कशाच्या आधारावर धरू? उद्या ज्याच्या गोठ्यात जास्त गायी आहेत तोही म्हणेल, माझेही दोन धरा. दिवसाची नोंद नाही, तर मला दिवस धरता येत नाही." मग त्याने काकांकडे बोट केलं. "आणि यांनी तारीख फिरवली म्हणताय, तर मग या केंद्राची कुठलीच तारीख मी का खरी मानावी? ते उकरायचंय का?"

कोणालाच ते उकरायचं नव्हतं. हरकत फेटाळली गेली. राखीव जागेवर भावजयीचा एकच अर्ज उरला, ती बिनविरोध निवडून आली. माझ्याच दुरुस्तीने यादीत आलेली बाई. त्या दिवशी बाहेर गुलाल पडला, माझ्या स्कूटीच्या सीटवरही पडला, आणि तो पुसताना मला रडू आलं. रागाचंच होतं, पण आलं.

काकांना काढलं नाही. त्या पगारात पहाटे उठून काट्यावर बसणारा दुसरा माणूस मिळाला नसता, हे चेअरमनना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, ते घड्याळाचं तेवढं बंद करून टाका. आज त्यानं भलेपनानं केलं. उद्या कोन काय करंल सांगता येतंय का?"

यात चुकीचं काय होतं? मी शोधूनही मला सापडलं नाही. तारीख केंद्राच्या संगणकावरून न घेता सर्व्हरवरून घ्यायची, हे मी कोणत्याही संस्थेला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी म्हटलं, बंद करते, पण उशिरा येणाऱ्यांसाठी वेगळी पाळी उघडून देते, त्याच तारखेची, फक्त टेंपो दुसऱ्या दिवशीचा. तासाभराचं काम आहे.

"नको," ते म्हणाले. "ती टाकी तशीबी म्हातारी झालीय. औंदा ती काढायचीच हाय. उशिराचं दूध घ्यायचंच न्हाई आसं ठरलंय कमिटीत." मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "वेळ पाळाय नको का मानसानं?"

मी पाण्याच्या टँकरचं बोलले. ते म्हणाले, टँकर आपल्या हातात हाय का? नव्हता. माझ्याही हातात नव्हता. कमिटीच्या त्या बैठकीत पठारावरचं कोणी नव्हतं, आणि कोणी नव्हतं ते का, हे त्या ऑफिसात सर्वांत चांगलं मलाच माहीत होतं.

बदल करून मी तो केंद्रावर बसवला आणि चालतो का ते बघायला सकाळी तिथे थांबले. दिवस टँकरचा होता. दुसरा निवडता आला असता, पण मग तपासलं काय असतं? टेंपो गेला. काकांनी काटा पुसला. बायका उतरल्या. पूर्वीपेक्षा कमी होत्या, पण मावशी होती. तिने नेहमीसारखा कॅन काट्यावर ठेवला.

काकांनी संगणकाची तारीख पुढे नेली. कोपऱ्यात उद्याची तारीख आली, सॉफ्टवेअरने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी मावशीचा नंबर टाकला. लाल अक्षरं आली, पाळी बंद झाली आहे. त्यांनी परत टाकला. परत तेच. तिसऱ्यांदा टाकताना त्यांचं बोट थांबलं आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालतंय ताई तुमचं. बराबर चालतंय."

चेअरमनशी परत बोलते, असं मी म्हणाले, आणि म्हणताना मलाच ते पोकळ वाटलं. मावशीने माझं ऐकलं की नाही कोण जाणे. तिने काट्यावरचा कॅन उचलला, चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि दुसऱ्या बाईच्या मदतीने भरलेला कॅन वर चढवला. उतरण उतरताना तो भरलेलाच होता, चढतानाही भरलेलाच जाणार होता. दोन पावलं जाऊन ती वळली. मान वळवता येत नव्हती म्हणून सबंध वळली.

"ताई, दूध न्हाई घेतलं तर न्हाई," ती म्हणाली. "पर मी आले व्हते, त्ये तू डोळ्यानं बघितलं. आजचा दिस तरी धरला का त्या यंत्रानं?"

"नाही," मी म्हणाले.